जन्मदराची घट एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात कशी पसरली, हे आकड्यांतून कसे शोधावे

गेल्या सव्वादोनशे वर्षांत जगातील बहुतेक समाजांत कुटुंबे लहान होत गेली. हा बदल सर्वत्र एकाच वेळी झाला नाही आणि जिथे श्रीमंती आधी आली तिथेच तो आधी झाला असेही नाही. त्याचा माग काढायचा असेल तर जुन्या जनगणना, जन्मनोंदी आणि नकाशे यांच्याकडे कोणत्या क्रमाने जावे, कुठे थांबून शंका घ्यावी आणि कोणता निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, हे या लेखात सांगितले आहे. इतिहास, भूगोल किंवा समाजशास्त्राचा विद्यार्थी, तसेच आपल्या जिल्ह्याच्या लोकसंख्येचा इतिहास लिहू पाहणारा हौशी अभ्यासक, असा वाचक डोळ्यांपुढे ठेवला आहे. उदाहरणे प्रामुख्याने युरोपातील आहेत, कारण या घटीचा सर्वांत जुना आणि प्रांतवार तपशील तिथेच उपलब्ध आहे. पद्धत मात्र भारतातील जिल्ह्यांनाही लागू पडते आणि ती कुठे अपुरी पडते तेही पुढे येईल.

पहिले काम : लग्न आणि लग्नानंतरची अपत्ये वेगळी करा

दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला किती जन्म झाले, हा आकडा सहज मिळतो. त्यामुळे नवखा अभ्यासक तोच नकाशावर रंगवतो, आणि इथेच वाट चुकते. हा स्थूल जन्मदर अनेक गोष्टींचे मिश्रण असतो : लोकसंख्येत तरुण स्त्रियांचे प्रमाण किती, त्यांपैकी किती विवाहित, आणि विवाहित स्त्रियांना किती मुले होतात. या तिन्हींपैकी कोणतीही गोष्ट बदलली तरी आकडा खाली येतो. परंतु आपण ज्याला जन्मदराची ऐतिहासिक घट म्हणतो ती मुख्यतः तिसऱ्या गोष्टीत घडलेली आहे. लग्न झालेली जोडपी ठरवून पाळणा थांबवू लागली, हा तो बदल.

फ्रान्स आणि आयर्लंड ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की फरक स्पष्ट होतो. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीसच विवाहित जोडप्यांची अपत्यसंख्या घटू लागली होती. आयर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील महादुष्काळानंतर लग्ने उशिरा होऊ लागली आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुमारे एक चतुर्थांश स्त्रिया प्रौढ वयापर्यंत अविवाहितच राहत होत्या. त्यामुळे तेथील स्थूल जन्मदर फारसा उंच दिसत नाही. पण ज्या स्त्रियांची लग्ने होत, त्यांना मुले मात्र पुष्कळ होत असत. नुसता जन्मदर पाहणाऱ्याला आयर्लंड हा संयमी कुटुंबांचा देश वाटेल. प्रत्यक्षात विवाहांतर्गत घट तिथे पश्चिम युरोपात सर्वांत शेवटी पोहोचली. जॉन हाजनाल यांनी १९६५ मध्ये त्रिएस्तेपासून सेंट पीटर्सबर्गपर्यंत एक रेषा कल्पून दाखवले की त्या रेषेच्या पश्चिमेला उशिरा लग्न करण्याची आणि बऱ्याच लोकांनी अविवाहित राहण्याची पद्धत शतकानुशतके होती. म्हणजे पश्चिमेत जन्मदर आधीपासूनच लग्नाच्या मार्गाने आवरलेला होता. ज्या प्रदेशात लग्ने लहान वयात आणि जवळजवळ सर्वांची होतात, त्याची तुलना अशा प्रदेशाशी स्थूल जन्मदरावरून करणे म्हणूनच व्यर्थ आहे.

दुसरे काम : योग्य मोजमाप निवडा आणि ते हाताने एकदा तरी काढून पाहा

प्रिन्स्टन विद्यापीठातील अॅन्स्ली कोल यांनी १९६३ मध्ये युरोपातील जन्मदराच्या घटीचा प्रांतवार अभ्यास सुरू केला. त्यात वापरलेले मोजमाप आजही सर्वांत सोयीचे आहे. त्यामागील कल्पना अशी : संततिनियमन अजिबात न करणाऱ्या एखाद्या समाजात विवाहित स्त्रियांना ज्या गतीने मुले होतात, ती गती कमाल मर्यादा मानावी आणि आपल्या प्रांतातील प्रत्यक्ष जन्म त्या मर्यादेच्या कितव्या हिश्शात येतात ते पाहावे. अमेरिका आणि कॅनडात शेतीवर सामूहिक जीवन जगणारा हटराइट हा ख्रिस्ती पंथ कोल यांनी कसोटी म्हणून घेतला. या पंथातील विवाहित स्त्रियांचे दर वर्षाचे अपत्यदर वयोगटानुसार असे आहेत : १५ ते १९ वयात ०.३००, २० ते २४ मध्ये ०.५५०, २५ ते २९ मध्ये ०.५०२, ३० ते ३४ मध्ये ०.४४७, ३५ ते ३९ मध्ये ०.४०६, ४० ते ४४ मध्ये ०.२२२ आणि ४५ ते ४९ मध्ये ०.०६१. विसाव्या वर्षी लग्न झालेल्या स्त्रीला या गतीने सरासरी अकराच्या आसपास मुले होतात.

आता एक काल्पनिक प्रांत घेऊन गणित करू. जनगणनेत विवाहित स्त्रिया वरील क्रमाने १,०००, ४,०००, ६,०००, ६,०००, ५,०००, ४,००० आणि ३,००० आहेत असे समजा. प्रत्येक संख्येला त्या वयोगटाच्या दराने गुणले तर ३००, २,२००, ३,०१२, २,६८२, २,०३०, ८८८ आणि १८३ जन्म मिळतात; बेरीज ११,२९५. त्या वर्षी प्रांतात विवाहित मातांना प्रत्यक्षात ७,९०० मुले झाली असतील, तर निर्देशांक ७,९०० भागिले ११,२९५, म्हणजे ०.७० आला. संततिनियमन नसलेल्या बहुतेक समाजांत तो साधारण याच्या आगेमागे असतो, कारण स्तनपानाचा काळ, आरोग्य आणि चालीरीती यांमुळे हटराइटांची गती क्वचितच कुणी गाठते.

जनगणना दहा वर्षांनी एकदा होते, म्हणून जन्मांची संख्या एकाच वर्षाची न घेता जनगणनेच्या आगेमागे तीन किंवा पाच वर्षांची सरासरी घ्यावी. एखादे युद्ध, साथ किंवा दुष्काळ त्या एका वर्षात पडला असेल तर आकडा भलताच निघतो आणि नंतर नकाशात तो प्रांत विनाकारण उठून दिसतो.

तिसरे काम : घटीचा आरंभ कोणत्या वर्षी झाला ते ठरवा

पसरण्याचा इतिहास लिहायचा तर प्रत्येक प्रदेशाला एक तारीख लागते. कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियम केला की निर्देशांक आपल्या जुन्या स्थिर पातळीपासून १० टक्के खाली आला आणि पुन्हा वर गेला नाही, तर ते वर्ष आरंभाचे मानावे. १० टक्के हा उंबरठा काहीसा मनाप्रमाणे ठरवलेला आहे. परंतु एकदा एवढी घट झालेले प्रांत जवळजवळ कधीच मागे फिरले नाहीत, म्हणून तो उपयोगी ठरला. आपल्या काल्पनिक प्रांतात निर्देशांक १८८० मध्ये ०.७०, १८९० मध्ये ०.६६ आणि १९०० मध्ये ०.६० असेल, तर उंबरठा ०.६३ चा. तो १८९० आणि १९०० यांच्या बरोबर मध्ये येतो, म्हणून आरंभाचे वर्ष १८९५.

या रीतीने काढलेल्या देशवार तारखा जॉन नोडेल आणि एटियेन व्हान डे वॉल यांनी १९७९ मध्ये एकत्र मांडल्या. फ्रान्समध्ये आरंभ १८०० च्या सुमारास. बेल्जियममध्ये १८८२, स्वित्झर्लंडमध्ये १८८५, जर्मनीत १८९०, हंगेरीतही १८९० च्या सुमारास, इंग्लंड-वेल्समध्ये १८९२, स्वीडनमध्ये १८९२, नेदरलँड्समध्ये १८९७, डेन्मार्कमध्ये १९००, नॉर्वेत १९०४, इटलीत १९११, बल्गेरियात १९१२, स्पेनमध्ये १९१८ आणि आयर्लंडमध्ये १९२९. हा तक्ता शांतपणे वाचावा. फ्रान्स आणि इतरांमध्ये जवळपास ऐंशी वर्षांचे अंतर आहे, आणि त्यानंतर मात्र जवळजवळ सगळा खंड अवघ्या चार दशकांत घटीच्या मार्गाला लागला. फ्रान्स तेव्हा शेतीप्रधान होता आणि इंग्लंड कारखान्यांचा देश होता, तरी फ्रान्स कितीतरी पुढे. हंगेरी आणि इंग्लंड यांची आर्थिक स्थिती जमीन-अस्मानाच्या फरकाची, तरी तारखा जवळजवळ एकच. कारखाने, शहरे आणि शिक्षण आले की कुटुंब लहान होते, हे साधे उत्तर या तक्त्यापुढे टिकत नाही. माझ्या मते या विषयाच्या अभ्यासाला खरी सुरुवात इथे होते.

देशाच्या सरासरीवर मात्र थांबू नये. स्पेनमध्ये कातालोनिया बाकीच्या देशाच्या बऱ्याच आधी घटला. इटलीत मास्सिमो लिव्ही बाच्ची यांनी दाखवले की पिडमाँट, लिगुरिया आणि टस्कनी पुढे होते आणि दक्षिण मागे. फ्रान्सच्या आतही नॉर्मंडी आणि गारोन नदीचे खोरे आघाडीवर होते, तर ब्रिटनी बराच काळ मोठ्या कुटुंबांचा प्रदेश राहिला. या तारखा प्रांताच्या पातळीवर काढल्याशिवाय पसरण्याची दिशा दिसत नाही.

चौथे काम : जन्मनोंदी नसतील तर जनगणनेतील मुले मोजा

भारतातील जुन्या जन्मनोंदी इतक्या अपुऱ्या आहेत की वरील निर्देशांक बहुतेक जिल्ह्यांसाठी काढता येत नाही. तेव्हा बाल-स्त्री गुणोत्तर वापरावे : १५ ते ४९ वयाच्या दर हजार स्त्रियांमागे ० ते ४ वयाची किती मुले जनगणनेत मोजली गेली. जनगणनेच्या जिल्हावार वयोगट-तक्त्यांतून हे गुणोत्तर थेट निघते.

यात एक खोच आहे. मोजली गेलेली मुले ही जगलेली मुले असतात. दोन जिल्ह्यांत हे गुणोत्तर ६०० च आहे, पण एका जिल्ह्यात जन्मलेल्या मुलांपैकी ७५ टक्के या मोजणीपर्यंत जगतात आणि दुसऱ्यात ९० टक्के, असे समजा. मग पहिल्या जिल्ह्यात दर हजार स्त्रियांमागे ८०० जन्म झाले होते आणि दुसऱ्यात सुमारे ६६७. गुणोत्तर एकच असले तरी कुटुंबांचे वागणे अगदी निराळे. बालमृत्यू घटत असताना जन्म कमी झाले तरी गुणोत्तर जागच्या जागी राहू शकते आणि घटीचा आरंभ दहा-पंधरा वर्षे उशिरा दिसतो. म्हणून त्या काळातील बालमृत्यूचा अंदाज घेऊन दुरुस्ती केल्याखेरीज तारीख लिहू नये.

वयाची नोंदही तपासावी. वय विचारल्यावर वीस, पंचवीस, तीस असे ठोकळ आकडे सांगण्याची सवय सर्वत्र होती, आणि अगदी तान्ही मुले मोजणीतून सुटत. पाच वर्षांचे गट घेतल्याने पहिला दोष काहीसा झाकला जातो. दुसरा झाकला जात नाही.

त्याहून मोठी अडचण सीमांची. महाराष्ट्रात १९८१ ते १९८२ दरम्यान रत्नागिरीतून सिंधुदुर्ग, औरंगाबादमधून जालना, उस्मानाबादमधून लातूर आणि चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळे झाले. पुढे १९९८ मध्ये नंदुरबार आणि वाशीम, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया, २०१४ मध्ये पालघर आले. १९७१ च्या चंद्रपूरची तुलना १९९१ च्या चंद्रपूरशी केली तर दोन निरनिराळ्या प्रदेशांची तुलना होते. यावर उपाय एकच आहे : सर्वांत जुन्या जनगणनेच्या सीमा कायम धराव्यात आणि नंतरचे जिल्हे बेरीज करून पुन्हा त्या सीमांत बसवावेत.

पाचवे काम : नकाशा रंगवा, पण शेजाराने फसू नका

आरंभाच्या वर्षांचे दहा-दहा वर्षांचे गट करून नकाशा रंगवला की बहुधा लगतचे प्रदेश एका रंगाचे निघतात. ते पाहताच बदल एका ठिकाणाहून दुसरीकडे पसरत गेला असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु लगतच्या प्रदेशांत माती, पिके, जमीनधारणा, मजुरी, धर्म असे बरेच काही सारखे असते. कारण सारखे म्हणून परिणाम सारखा, हीही शक्यता तितकीच खरी. पसरण्याचा दावा करायचा तर कारणे सारखी असूनही परिणाम वेगळा दिसतो, किंवा कारणे वेगळी असूनही परिणाम सारखा दिसतो, अशी जागा शोधावी लागते.

बेल्जियम ही अशी जागा आहे आणि तिचा अभ्यास सावकाश समजून घेण्याजोगा आहे. या लहानशा देशाच्या मधून पूर्व-पश्चिम अशी भाषेची सीमा जाते. उत्तरेला फ्लेमिश बोलणारे, दक्षिणेला फ्रेंच बोलणारे वॅलून. दोन्ही बाजू कॅथलिक, राज्य एक, कायदे एक. रॉन लेस्ताग यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या सीमेच्या अल्याड-पल्याडच्या लगतच्या भागांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतील दोन्ही बाजूंची आर्थिक-सामाजिक स्थिती शक्य तितकी सारखी राहील असे पाहिले. तरीही फ्रेंच बोलणाऱ्या बाजूला विवाहांतर्गत घट आधी आणि वेगाने झाली. फ्लेमिश बाजूला मोठी कुटुंबे बराच काळ टिकली. शेजारच्या गावात काय चालले आहे हे दिसण्याइतके लोक जवळ होते, पण ज्यांच्याशी खासगी बोलणे होते, ज्यांच्याशी सोयरीक होते, ज्यांची पत्रके आणि वर्तमानपत्रे वाचली जातात, ते लोक सीमेच्या आपल्याच बाजूला होते. लेस्ताग यांनी आणखी एक धागा जोडला : १९१९ च्या निवडणुकीत समाजवादी आणि उदारमतवादी पक्षांना पडलेली मते. चर्चच्या सांगण्यापासून लोक किती दूर गेले होते याचे ते माप मानले, आणि जिथे ते प्रमाण जास्त तिथे घट पुढे गेलेली आढळली.

या जोड्यांच्या पद्धतीवर माझा सर्वाधिक भरवसा आहे. शेकडो प्रांतांचे आकडे एकत्र घालून काढलेल्या सहसंबंधापेक्षा नीट निवडलेल्या दहा जोड्या अधिक सांगतात, कारण प्रत्येक जोडीबद्दल वाचक स्वतः विचारू शकतो की या दोन गावांत आणखी काय वेगळे होते.

भाषेचा धागा युरोपभर तपासण्याचे काम एन्रिको स्पोलाओरे आणि रोमेन वाचियार्ग यांनी अलीकडे केले. फ्रेंचपासून एखाद्या प्रदेशाची भाषा जितकी दूर, तितकी तिथली घट उशिरा, असे त्यांना आढळले. मात्र अशा निष्कर्षाला अपवाद शोधणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे आणि तो क्वेबेकच्या रूपाने समोरच उभा आहे : भाषा फ्रेंच, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो उत्तर अमेरिकेत मोठ्या कुटुंबांसाठीच ओळखला जात होता. अटलांटिकपलीकडच्या त्या समाजाचा फ्रान्सशी असलेला संबंध क्रांतीपूर्वीच तुटला होता आणि तिथे चर्चचा वचक कायम राहिला. म्हणजे भाषा हा केवळ रस्ता आहे. त्या रस्त्यावरून कोणाची ये-जा होती, ते स्वतंत्रपणे दाखवावे लागते.

सहावे काम : ये-जा कोणाची होती ते शोधा

नकाशावरचे अंतर आणि माणसांमधले अंतर वेगळे असते. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात खेड्यांतून पॅरिसला कामासाठी जाणारे लोक तिथली लहान कुटुंबे पाहत आणि गावाशी संबंध राखून असत. ज्या भागांतून पॅरिसला अधिक लोक गेले तिथे मागे राहिलेल्या गावांतही घट झाल्याचे गियोम दोदँ, राफाएल फ्रांक आणि हिलेल रापोपोर यांनी अंतर्गत स्थलांतराच्या आकड्यांवरून दाखवले आहे. म्हणून नकाशाबरोबर स्थलांतराचा तक्ता हाताशी असावा : कोणत्या जिल्ह्यात जन्मलेली किती माणसे कोणत्या शहरात राहतात, हे जनगणनाच सांगते.

कधी एखादी घटना हा धागा स्पष्ट करते. १८७७ मध्ये लंडनमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ आणि अॅनी बेझंट यांच्यावर संततिनियमनाची माहिती देणारी पुस्तिका छापल्याबद्दल खटला भरला गेला. पुस्तिका अमेरिकन डॉक्टर चार्ल्स नोल्टन यांची, चार दशकांहून अधिक जुनी आणि तोवर थोडीच खपणारी. खटल्याच्या प्रसिद्धीमुळे तिच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. या बेझंटबाई म्हणजेच पुढे भारतात येऊन होमरूलची चळवळ चालवणाऱ्या बेझंट. ब्रायन बीच आणि वॉकर हॅनलन यांनी या खटल्यानंतर कॅनडा, अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेतील ब्रिटिश वंशाच्या कुटुंबांची तुलना त्यांच्याच शेजारी राहणाऱ्या इतर वंशांच्या कुटुंबांशी केली, तेव्हा ब्रिटिश कुटुंबांत अपत्यसंख्या घटू लागल्याचे दिसले. हजारो मैलांवरचे लोक बदलले, आणि भिंतीला भिंत लागून राहणारे तेव्हा बदलले नाहीत.

मात्र अशी घटना हाती लागली म्हणून तिलाच आरंभ मानू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांनी त्यासाठी सोसलेला विरोध आणि खटले महाराष्ट्राला ठाऊक आहेत. तरी देशाच्या आकड्यांत घट दिसू लागायला १९६० चे दशक उजाडावे लागले. विचार जाहीरपणे मांडला जाणे आणि सामान्य जोडप्यांनी तो आपला मानणे, या दोन तारखा वेगवेगळ्या नोंदवाव्यात. साधनांचेही तसेच. युरोपातील घट घडली ती मुख्यतः संयम आणि जुन्या घरगुती उपायांवर. नवे साधन बाजारात येण्याची वाट त्या जोडप्यांनी पाहिली नाही. कोल यांनी घटीसाठी तीन अटी सांगितल्या होत्या : मुले किती व्हावीत हा आपण विचार करण्याचा विषय आहे असे जोडप्याला वाटणे, कमी मुलांत लाभ दिसणे आणि उपाय ठाऊक असणे. आपल्या प्रदेशात या तिन्हींपैकी कोणती अट शेवटी पूर्ण झाली, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा.

सातवे काम : इतर कारणे एकेक करून बाजूला काढा

बालमृत्यू आधी घटले आणि मग जन्म घटले, हा क्रम पाठ्यपुस्तकांत असतो. तो प्रत्येक ठिकाणी तपासावा. इंग्लंडमध्ये जन्मदर १८७० च्या दशकापासून उतरू लागला, तर अर्भकमृत्यूंची ठळक घट १९०० नंतरची. जर्मनीच्या काही भागांतही जन्म आधी घटले.

पती-पत्नींचा विरह ही दुसरी गोष्ट, आणि ती मराठी वाचकाला परिचयाची आहे. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील पुरुष मुंबईच्या गिरण्यांत असत, बायका गावी. जनगणनेत त्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे हजाराहून कितीतरी अधिक स्त्रिया दिसतात. गणपतीला आणि शिमग्याला घरी येणाऱ्या चाकरमान्याच्या कुटुंबात दोन मुलांत अंतर पडते ते नियोजनाने नव्हे. अशा जिल्ह्यात कमी जन्म दिसले तर त्यांना घटीचा आरंभ म्हणण्याआधी शेवटच्या बाळंतपणाचे वय पाहावे. संततिनियमन नसलेल्या समाजांत स्त्रीचे शेवटचे मूल सरासरी चाळिशीच्या आसपास होते. जोडपी ठरवून पाळणा थांबवू लागली की हे वय झपाट्याने खाली येते. केवळ विरहाने ते तसे खाली येत नाही.

हे वय जनगणनेतून मिळत नाही. त्यासाठी एकेका कुटुंबाच्या नोंदी जुळवाव्या लागतात. फ्रान्समध्ये लुई ऑन्री यांनी चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्यांतून एकेका जोडप्याचा इतिहास पुन्हा उभा करण्याची रीत १९५० च्या दशकात घालून दिली. तिच्या आधारे रुडॉल्फ आंदोर्का यांनी हंगेरीच्या दक्षिणेस द्रावा नदीकाठच्या ओरमान्शाग भागातील वाय्स्लो आणि बेशेंत्से या गावांचा अभ्यास केला. तिथले शेतकरी प्रॉटेस्टंट, जमीन मर्यादित, भोवती मोठ्या जमीनदारांच्या इस्टेटी. वाटण्या होत गेल्या तर कुणाच्याच हाती पुरेशी जमीन राहणार नाही, या भीतीने देशाच्या सरासरी तारखेच्या कितीतरी आधी तिथली कुटुंबे अपत्ये आवरू लागली आणि कालांतराने एकच मूल ठेवण्याची रीत पडली. शहर नाही, कारखाना नाही, सरकारी मोहीम नाही. ही गावे प्रांताच्या सरासरीत बुडून गेली असती.

हाच आक्षेप टिमथी गिनेन, बार्बरा ओकुन आणि जेम्स ट्रसेल यांनी १९९४ मध्ये कोल यांच्या पद्धतीवर घेतला : प्रांतातील एक लहानसा गट बराच आधी बदललेला असला तरी प्रांताचा निर्देशांक १० टक्के खाली यायला वेळ लागतो, त्यामुळे आरंभ उशिरा दिसतो आणि सगळे एकदम बदलले असा भास होतो. आक्षेप रास्त आहे. शक्य असेल तिथे प्रांताच्या खाली, तालुक्यापर्यंत किंवा व्यवसायापर्यंत उतरावे. इंग्लंडच्या १९११ च्या जनगणनेत विवाहित स्त्रियांना लग्नाला किती वर्षे झाली आणि किती मुले झाली हे विचारले होते. त्यातून खाणकामगारांची कुटुंबे मोठी आणि जिथे बायका गिरणीत जात त्या कापडकामगारांची लहान, असा फरक दिसला.

भारतात ही पद्धत लावताना

क्रिस्तोफ गिल्मोतो आणि एस. इरुदय राजन यांनी २००१ मध्ये जिल्हावार जनगणनांवरून भारताचा असा नकाशा मांडला. घट दक्षिणेच्या किनारपट्टीवर आधी दिसते, मग आतल्या भागात सरकते. वायव्येला पंजाबच्या बाजूने दुसरी आघाडी. गंगेचे मैदान सर्वांत मागे. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दर स्त्रीमागे केरळमध्ये २.०० आणि उत्तर प्रदेशात ४.८२ मुले होती. २०१९-२१ पर्यंत देशाची सरासरी २.० वर आली. इथे युरोपात नसलेला एक घटक आहे, तो म्हणजे सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम. तो सर्वत्र एकाच दिल्लीहून आला तरी फळला मात्र वेगवेगळ्या वेळी. म्हणून जिल्ह्यातील शस्त्रक्रियांचे आकडे तक्त्यात घ्यावेत, पण राज्याची सीमा हीच घटीची सीमा आहे का, हे आधी पाहावे. असेल तर प्रशासनाकडे, नसेल तर भाषा, सोयरीक आणि स्थलांतर यांच्याकडे वळावे.

सरावासाठी मी पेडणे आणि सावंतवाडी ही जोडी सुचवीन. दोन्ही तालुके लगतचे, बोली जवळची, देवस्थाने आणि सोयरिकी एकमेकांत गुंतलेल्या; पण १९६१ पर्यंत एकीकडे पोर्तुगीज राजवट आणि दुसरीकडे आधी संस्थान, मग मुंबई राज्य. पहिल्या सर्वेक्षणात गोव्याचा आकडा १.९० होता आणि महाराष्ट्राचा २.८६, म्हणजे राज्यांच्या पातळीवर मोठी दरी होती. ती दरी सीमेवरच्या गावांतही होती की दोन्ही सरासऱ्यांनी ती निर्माण केली, हे तपासता येईल. तालुका-गाव पातळीवर स्त्रियांचे वयोगट मिळत नाहीत, पण १९९१ पासून ० ते ६ वयाची लोकसंख्या गाववार मिळते. तिचे एकूण लोकसंख्येतील प्रमाण हे ढोबळ का होईना माप आहे. गोव्यातील लग्नाचे वय आधीपासून जास्त असल्याने पहिले काम, म्हणजे लग्न आणि अपत्ये वेगळी करणे, इथे टाळता येणार नाही. गोव्यात बाहेरून आलेल्या कामगारांची कुटुंबे वेगळी काढणेही आवश्यक, आणि जी गावे यामुळे तुलनेतून वगळावी लागतील त्यांची यादी कारणांसह निष्कर्षाच्या शेजारीच छापावी.